श्रवण चेतापेशींची रचना आणि त्यांचे काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातले बारावी विज्ञान, बी.एस्सी. प्राणिशास्त्र आणि नर्सिंगचे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बाळाची ‘बेरा’ (कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत संदेश नीट पोचतो का हे पाहणारी चाचणी) करून घ्या असे डॉक्टरांनी सांगितलेले पालकही विचारतात. उत्तरांत एक धागा शेवटपर्यंत धरला आहे: कानातली चेतापेशी वेळ राखण्यासाठी घडलेली आहे. तिची जाडी, तिचे आवरण, तिचा सांधा, तिची टोके, सगळे मिळून मिलिसेकंदाहूनही बारीक हिशेब सांभाळतात. तो हिशेब कुठे बिघडला हे समजले की कुठली तपासणी कशासाठी करायची तेही समजते.

श्रवण चेतापेशी नेमकी असते कुठे?

आतल्या कानात, हाडाच्या पोटात. कॉक्लिया म्हणजे शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. ती उलगडून सरळ केली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. हे वेढे हाडाच्या ज्या मधल्या खांबाभोवती फिरतात त्याला मोडिओलस म्हणतात. त्या खांबात रोझेन्थालची नलिका नावाचा वळणदार बोगदा आहे आणि श्रवण चेतापेशींची शरीरे त्यात ओळीने बसलेली असतात. या समूहाचे नाव स्पायरल गँग्लिऑन.

माणसाच्या एका कानात अशा साधारण ३०,००० ते ३५,००० पेशी असतात. एका डोळ्याच्या चेतेत दहा लाखांच्या घरात तंतू असतात, त्या मानाने ही संख्या फारच थोडी आहे. बोलणे, भजन, पावसाचा आवाज, गाडीचा हॉर्न, सगळे एवढ्याच तारांतून मेंदूकडे जाते. म्हणून यातला एकेक तंतू मोलाचा.

केशपेशी हीसुद्धा चेतापेशीच ना?

नाही. उत्तरपत्रिकांत ही चूक सर्रास दिसते. केशपेशीला अक्षतंतू (संदेश दूर नेणारी लांब शाखा) नसतो. ती संवेदी पेशी आहे: तिच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस ध्वनीच्या लहरीने कलले की त्यांच्या टोकाचे मार्ग उघडतात आणि पोटॅशियम आत शिरते. ते आत ढकलले जाते कारण वरच्या द्रवाचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो आणि पेशीच्या आत तो ऋण असतो. आतल्या केशपेशींची एक रांग, सुमारे ३,५००. बाहेरच्यांच्या तीन रांगा, सुमारे १२,०००. बाहेरच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात-लांबतात आणि बारीक आवाज मोठा करतात. ऐकलेली बातमी मेंदूला कळवण्याचे काम मात्र जवळजवळ सगळे आतल्या रांगेकडे आहे.

श्रवण चेतापेशीला दोन टोके का असतात? त्वचेच्या संवेदी पेशीसारखी ती का नाही?

त्वचेकडून येणारी संवेदी चेतापेशी टी अक्षरासारखी असते. पेशीचे शरीर वाटेच्या बाजूला एका देठावर लटकते आणि संदेश त्याच्याजवळून सरळ निघून जातो. श्रवण चेतापेशी द्विध्रुवी आहे. एक शाखा केशपेशीकडे, दुसरी मेंदूकडे आणि शरीर बरोबर वाटेत. म्हणजे प्रत्येक संदेशाला त्या शरीरातून पार व्हावे लागते.

यात एक धोका आहे. शरीराचे पटल तंतूच्या मानाने खूप मोठे असते. बारीक नळातून येणारे पाणी एकदम रुंद टाकीत पडले की जोर ओसरतो, तसा विद्युतप्रवाह इथे पसरतो. संदेशाला उशीर होऊ शकतो, वाटेत तो विझूही शकतो. म्हणून पेशीची घडण पाहण्यासारखी आहे. केशपेशीकडची शाखा बारीक, तर मेंदूकडची जवळपास दुप्पट जाड. शरीराच्या दोन्ही अंगांना, मायलिन, म्हणजे तंतूवरचे चरबीयुक्त वेष्टन, जिथे तुटते तिथे, सोडियम मार्गांची दाटी असते. संदेश तिथे पुन्हा जोर धरतो. उंदीर-मांजरांत तर शरीरावरही मायलिनचे पातळ वेष्टन असते. माणसात बहुतेक पेशींच्या शरीरावर घट्ट मायलिन नसते, फक्त उपग्रह पेशींचे (चेतापेशीला वेढणाऱ्या मदतनीस पेशींचे) आवरण असते. उंदराची आकृती बघून माणसाबद्दल लिहिताना हा फरक विसरू नये.

पहिला प्रकार आणि दुसरा प्रकार यांत फरक काय?

पहिल्या प्रकारच्या पेशी ९० ते ९५ टक्के. शरीर मोठे, तंतूंवर मायलिन, आणि एक तंतू एकाच आतल्या केशपेशीला एकाच सांध्याने जोडलेला. दुसऱ्या प्रकारच्या पेशी उरलेल्या ५ ते १० टक्के. शरीर लहान, मायलिन नाही. यांचा तंतू बाहेरच्या रांगांकडे जातो, तिथे कॉक्लियाच्या पायथ्याच्या दिशेने वळतो आणि डझनावारी केशपेशींना स्पर्श करत जातो.

एवढ्या वर्णनावरून काम ओळखता येते. ज्याला एकाच ठिकाणची बातमी अचूक वेळेत द्यायची आहे त्याला खाजगी, जाड, वेष्टित तार हवी. दुसऱ्या प्रकारचा तंतू अनेकांकडून थोडे थोडे गोळा करतो आणि सावकाश कळवतो. त्याला ऐकण्याचा तपशील देता येणार नाही. उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे की बाहेरची केशपेशी फुटली आणि तिच्यातले एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) सांडले की हे तंतू उत्तेजित होतात. म्हणून कानातल्या इजेची सूचना देण्याशी त्यांचा संबंध जोडला जातो.

एकाच आतल्या केशपेशीला १० ते २० तंतू कशाला लागतात?

एका तंतूची पट्टी आखूड आहे. तो शांततेतून पूर्ण वेगापर्यंत साधारण २० ते ४० डेसिबलच्या टप्प्यात पोचतो. पुढे आवाज कितीही वाढला तरी त्याचा वेग, म्हणजे सेकंदाला काही शे स्पंद (विजेचे छोटे ठोके), वाढत नाही. माणूस मात्र कुजबुजीपासून ढोलापर्यंत १०० डेसिबलहून मोठा पल्ला ऐकतो. हा पल्ला तंतूंनी आपसांत वाटून घेतला आहे.

काही तंतू शांततेतही सारखे स्पंद देत असतात, सेकंदाला १८ पासून शंभरच्या आसपास. ते जाड असतात, त्यांत मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात, आणि ते केशपेशीच्या बाहेरच्या रांगांकडे तोंड असलेल्या बाजूवर बसतात. बारीकसा आवाज त्यांना लगेच जाणवतो, पण ते लवकर भरून जातात. दुसरे तंतू शांततेत जवळजवळ गप्प असतात. हे बारीक, मोडिओलसकडच्या बाजूवर जोडलेले, आणि मोठ्या आवाजाखेरीज न बोलणारे. मांजरांवरच्या मोजण्यांत पहिल्यांचा वाटा साधारण ६० टक्के, या दोन्हींच्या मधल्यांचा २५ आणि गप्प असणाऱ्यांचा १५ भरतो.

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात घुमट-आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती, चालू असताना शेजारी बसलेला माणूस कानाशी येऊन काही बोलतो. त्या वेळी पहिल्या गटाचे तंतू घुमटानेच भरून गेलेले असतात. बोलण्यातला चढउतार पोचवायला जे उरतात ते मुख्यतः हे गप्प तंतू. पुढे आवाजाने होणाऱ्या नुकसानाबद्दल वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

रिबन सिनॅप्स म्हणजे काय?

केशपेशी आणि चेतातंतू यांच्यामधला खास सांधा. साध्या सिनॅप्समध्ये संदेशद्रव्याच्या काही पिशव्या पटलाशी तयार असतात, त्या रिकाम्या झाल्या की भरतीची वाट पाहावी लागते. इथे केशपेशीच्या आत पटलाशी एक गडद पट्टी (रिबन) उभी असते, तिच्याभोवती ग्लुटामेट या संदेशद्रव्याच्या पिशव्या लगडलेल्या असतात आणि पुढची पिशवी सतत रांगेत पुढे सरकते. त्यामुळे सांधा तासन्‌तास चालू राहूनही वेळ चुकवत नाही. पट्टीच्या पायाशी कॅल्शियमचे मार्ग असतात, तर कॅल्शियम येताच पिशवी उघडण्यासाठी ओटोफर्लिन हे प्रथिन लागते. ओटोफर्लिनचे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेले असेल तर केशपेशी धड असूनही एकही बातमी पुढे जात नाही. मूल जन्मतः ऐकू शकत नाही.

मायलिन नसेल तर काय बिघडेल?

हिशेब करून पाहा. मोडिओलसपासून मेंदूच्या खोडापर्यंत श्रवण चेता साधारण अडीच सेंटीमीटर लांब आहे. मायलिन नसलेल्या तंतूत संदेश सेकंदाला एक मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे हे अंतर कापायला २५ मिलिसेकंद. मायलिन असलेल्या, दोन ते चार मायक्रोमीटर जाडीच्या तंतूत तेच अंतर दीड मिलिसेकंदाच्या आसपास कापले जाते.

पण नुसत्या वेगापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. या चेतेतले तंतू जाडीला एकमेकांच्या जवळ असतात, म्हणून एका क्षणी निघालेले संदेश जवळजवळ एकाच क्षणी पोचतात. मायलिन सगळीकडे सारखेच पातळ झाले तर सगळे उशिरा पोचतील. ते ठिकठिकाणी कमी-जास्त झाले तर काही लवकर, काही उशिरा येतील आणि बातमीचा चुरा होईल. रुग्णाला आवाज येतो, शब्द लागत नाहीत. हा कमी-जास्तपणाचा बिघाड जास्त त्रासाचा.

आकृती काढताना मायलिन कुठून सुरू होते तेही बरोबर दाखवा. केशपेशी ज्यात बसलेल्या असतात त्या कॉर्टीच्या अवयवात तंतू उघडा असतो. हाडाच्या पट्टीतल्या बारीक छिद्रांमधून, म्हणजे हॅबेन्युला पर्फोराटामधून, तो बाहेर पडला की मायलिन चढते. स्पंदही त्या छिद्राच्या जवळपासच जन्माला येतो.

घुमट आणि कासाळे (झांजा) वेगवेगळे कसे ऐकू येतात?

दोन हिशेबांनी. पहिला जागेचा. कॉक्लियाचे पायथ्याकडचे पटल अरुंद आणि ताठ, टोकाकडचे रुंद आणि सैल. कासाळ्यांचा झणत्कार, स आणि श यांसारखे अक्षर, यांतली उंच कंपने पायथ्याशी उठतात; घुमटाचा खोल घुमारा टोकाकडे. ही लहर प्रत्यक्ष पाहून मोजणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचे नोबेल मिळाले. प्रत्येक तंतू एकाच जागेशी बांधलेला असल्यामुळे कुठला तंतू बोलला यावरूनच मेंदूला कंपनसंख्या कळते. तंतूंची हीच रांग मेंदूत पोचेपर्यंत मोडत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. २०० हर्ट्झच्या स्वरात एक फेरा ५ मिलिसेकंदांचा. तंतू प्रत्येक फेऱ्याला स्पंद देईलच असे नाही, पण देईल तेव्हा फेऱ्याच्या त्याच ठरावीक ठिकाणी देतो. १,००० हर्ट्झला फेरा १ मिलिसेकंदाचा होतो. एका स्पंदानंतर पेशीला जवळपास तेवढीच विश्रांती लागते, मग एकट्या तंतूला ते झेपत नाही. कुणी हा फेरा पकडतो, कुणी पुढचा, आणि सगळ्यांची बेरीज पूर्ण ताल दाखवते. रोमटामेळात (शिगम्यातल्या ढोलांच्या मिरवणुकीत) ढोल बडवणारा एकटा थकतो पण ताल तुटत नाही, तसेच. वेव्हर आणि ब्रे या संशोधकांनी १९३० साली मांजराच्या चेतेवर केलेल्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली. मांजरात हा ताल ४,००० ते ५,००० हर्ट्झपर्यंत टिकतो, त्यापुढे फक्त जागेचा हिशेब उरतो.

मराठी ऐकताना या वेळेच्या हिशेबाचा उपयोग कुठे होतो?

काल, खाल, गाल, घाल. हे चार शब्द फक्त पहिल्या क्षणाने वेगळे होतात. क मध्ये जीभ सुटल्यावर थोड्या मिलिसेकंदांतच स्वरतंतू कापू लागतात. ख मध्ये मधे हवेचा झोत येतो आणि कंप बराच उशिरा सुरू होतो. ग मध्ये जीभ सुटायच्या आधीपासूनच कंप चालू असतो. घ मध्ये आधीचा कंप आणि नंतरचा श्वास दोन्ही असतात. तंतूंचे स्पंद काही मिलिसेकंदांनी विखुरले तर या कडा पुसट होतात. मग ऐकणारा ‘आवाज येतो पण काय बोलता ते कळत नाही’ अशी तक्रार करतो. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत अशा जोड्या भरपूर आहेत, म्हणून उच्चारांची तपासणी माणसाच्या घरच्या भाषेत करावी.

मेंदूत पोचल्यावर पुढे काय होते?

तंतू मेंदूच्या खोडात शिरून कॉक्लिअर केंद्रकात, म्हणजे तिथल्या पहिल्या थांब्यावर, दुभंगतो. एक फाटा पुढे, एक मागे. तिथे त्याची गाठ वेगवेगळ्या घडणीच्या पेशींशी पडते, आणि प्रत्येकीची घडण तिच्या कामाला बसणारी आहे.

झुडुपी पेशीला एखाद-दुसरीच आखूड वृक्षिका (संदेश घेणारी फांदी). श्रवण तंतू तिच्या शरीरालाच मुठीत धरल्यासारखा कवटाळतो. हान्स हेल्ड यांनी १८९३ साली या मोठ्या टोकांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हेल्डची टोके म्हणतात. इतका मोठा सांधा थेट शरीरावर असल्याने संदेश ओलांडताना जवळजवळ डगमगत नाही. शिवाय या पेशीतले पोटॅशियमचे काही मार्ग लवकर उघडून विद्युतदाब झटकन खाली आणतात, म्हणजे मागच्या स्पंदाची शेपटी पुढच्यात मिसळत नाही. आत आलेल्या तालापेक्षा बाहेर जाणारा ताल कित्येकदा जास्त रेखीव असतो.

अष्टपाद पेशीच्या जाड वृक्षिका सगळ्या एकाच बाजूला, तंतूंच्या ओळीला आडव्या पडलेल्या. अनेक उंचींचे तंतू तिला एकदम स्पर्श करतात, आणि ते एका मिलिसेकंदाच्या आत एकत्र आले तरच ती बोलते. शामेळ या तालवाद्याच्या ठोक्याची सुरुवात ती टिपते, लांब स्वर तिला फारसा कळत नाही. ताराकृती पेशींच्या वृक्षिका चहूकडे पसरलेल्या. त्या तालाला चिकटत नाहीत, ध्वनीतली ताकद कमी-जास्त किती हे सांगतात.

पुढच्या थांब्यावर दोन्ही कान एकत्र येतात. मेंदूच्या खोडातल्या मध्य सुपीरिअर ऑलिव्ह या केंद्राच्या पेशीला दोन वृक्षिका असतात, एक डाव्या कानाकडून येणाऱ्या तंतूंसाठी, एक उजव्या. रात्री मागच्या परसात नारळ धप्पकन पडला आणि कुठल्या माडाखाली पडला हे अंदाजाने कळले, ते या पेशींमुळे. गोव्याच्या ३० अंश हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणून दोन कानांत पोचण्याच्या वेळेतला फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. सरावलेला माणूस त्यातला १० मायक्रोसेकंदांपर्यंतचा फरक ओळखू शकतो. एका स्पंदाचीच लांबी याच्या कितीतरी पट आहे! हे शक्य होते कारण वाटेतला एकही सांधा वेळ सांडत नाही.

शिगम्यात ढोलाशेजारी चाललो, दोन दिवस कान वाजत होते, मग बरे झाले. आता काळजी नाही ना?

काळजी आहे. केशपेशी दोन-चार दिवसांत सावरतात आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या पातळीचा आलेख) पुन्हा नॉर्मल येतो. पण कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ साली उंदरांवर दाखवले की १०० डेसिबलच्या आवाजात दोन तास ठेवल्यावर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी उंच कंपनांच्या भागातले जवळपास निम्मे सांधे कायमचे गेले होते. मोठ्या आवाजात ग्लुटामेट इतका सांडतो की तंतूचे टोक फुगते आणि सुटते. पेशीचे शरीर मात्र महिनोन्‌महिने जिवंत राहते, म्हणून नुकसान लवकर दिसत नाही. गप्प असणारे तंतू बहुधा आधी जातात, आणि गर्दीत बोलणे समजायला तेच हवे होते.

वेळेचा अंदाज असा धरा: ८५ डेसिबल आठ तास. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटे. उघड्यावर अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, म्हणून स्पीकरच्या भिंतीपासून दोन मीटरवरून आठ मीटरवर सरकलात तरी खूप फरक पडतो. फोमचे इअरप्लग वापरताना ते बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने बाहेरच्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरा. अर्धवट बसवलेला प्लग कामाचा नाही. कापसाचा बोळाही नाही. ट्रॉलरच्या इंजिनखोलीत किंवा खडी फोडण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी प्लगवरून इअरमफही घालावेत.

कायद्याची मर्यादाही माहीत असावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत. रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ.

ऑडिओग्राम नॉर्मल आहे, तरी गर्दीत ऐकू येत नाही. कुठली तपासणी करावी?

ऑडिओग्राम शांत खोलीत, एकेका स्वरावर, सगळ्यात बारीक आवाज कुठला ऐकू येतो ते विचारतो. त्याला थोडे तंतू पुरतात. आपले काम पार्श्वभूमीचा आवाज असताना चालायला हवे, म्हणून गोंगाटातली शब्द-चाचणी मागा. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, एकाच कानात शिट्टी वाजत असेल किंवा ऑडिओग्रामच्या मानाने शब्द फारच कमी लागत असतील तर डॉक्टर चेतेवरची गाठ नाही ना हे एमआरआयने पाहतात. अशा लक्षणांत थांबून राहू नये.

बेरा चाचणीत चेतेपासून मेंदूच्या खोडापर्यंतच्या स्पंदांचे पाच टेकाड दिसतात. पहिले टेकाड चेतेच्या कानाकडच्या टोकातून, दुसरे मेंदूकडच्या, तिसरे कॉक्लिअर केंद्रकातून. मोठ्या क्लिकला प्रौढात पहिले सुमारे १.६, तिसरे ३.७ आणि पाचवे ५.६ मिलिसेकंदांवर येते. पहिले ते पाचवे अंतर साधारण ४. पहिलेच उशिरा आले आणि अंतर नॉर्मल राहिले तर दोष बाहेरच्या-मधल्या कानात शोधा. पावसाळ्यात गोव्यात कानात बुरशी किंवा मळ फुगून असे वारंवार होते, म्हणून आधी कानात पाहावे. अंतरच वाढले असेल तर दोष चेतेच्या वाटेत आहे.

बाळाची पहिली चाचणी पास झाली, तरी बेरा का सांगितली?

पहिली चाचणी बहुधा ओएई असते. ती बाहेरच्या केशपेशींची हालचाल तपासते आणि चेतेपर्यंत जातच नाही. ज्या बाळाला तीव्र कावीळ झाली, जे फार लवकर जन्मले, ज्याला जन्मतः श्वास मिळाला नाही, त्याच्या केशपेशी ठीक आणि चेतेचा ताल बिघडलेला असू शकतो. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. ओएई पास, बेरा सपाट.

चाचणी करणाऱ्याने क्लिकच्या दोन्ही दिशा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. आलटून-पालटून दिल्या तर केशपेशींचा सूक्ष्म प्रतिसाद एकमेकांना पुसून टाकतो आणि निदान हुकते. दिशा बदलल्यावर लाट उलटी झाली तर ती केशपेशींची आहे. नळी चिमटल्यावरही लाट तशीच राहिली तर ती यंत्राची आहे.

पालकांनी करायचे ते एवढेच: त्या दिवशी बाळाच्या कपाळाला आणि कानामागे तेल लावू नका. खोबरेल तेलाने इलेक्ट्रोडचा रोध वाढतो, तो ५ किलोओहमच्या खाली यावा लागतो. सकाळी बाळाला थोडे जागे ठेवा, दूध चाचणीच्या जागी पाजा, मग झोपू द्या. हललेल्या मानेचे स्नायू स्पंदांच्या कितीतरी पट मोठे विद्युतसंकेत देतात. झोपेचे औषध घरून देऊ नका.

वेळापत्रक एक-तीन-सहा असे लक्षात ठेवा: महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कान-नाक-घसा विभाग आहे, आधी चौकशी करून वेळ घ्या.

कॉक्लिअर इम्प्लांट चेतापेशीचे काय करते?

केशपेशी आणि सांधा वगळून तारेची टोके थेट चेतापेशींना विजेचे झटके देतात. टोके साधारण १२ ते २२, आणि तंतू तीस हजार. शिवाय वीज द्रवातून पसरते, म्हणून एका टोकाने शेजारच्यांचेही तंतू जागे होतात. बोलणे चांगले समजते, पण सूर आणि गर्दी कठीण जातात.

दोष कुठे आहे यावर यश ठरते. ओटोफर्लिनचा दोष असेल तर चेता शाबूत असते आणि इम्प्लांटचा फायदा चांगला. चेताच अगदी बारीक किंवा नसेल तर फायदा कमी. म्हणून आधी एमआरआयने चेता पाहतात. मेंदुज्वरानंतर कॉक्लियात हाड भरू लागते, तेव्हा तपासणी आणि निर्णय आठवड्यांत व्हायला हवा. माणसात केशपेशी गेल्यावरही चेतापेशींची शरीरे वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे उशिरा बहिरेपणा आलेल्यांनाही इम्प्लांट चालते.

एकदा गेलेल्या पेशी परत येतात का?

पक्ष्यांत केशपेशी परत उगवतात. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात नाहीत, आणि चेतापेशीही नाहीत. ओटोफर्लिनच्या दोषात जनुक पोचवण्याच्या उपचाराने काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचे निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाले. तिथे चेतापेशी जिवंत होत्या, फक्त सांधा चालत नव्हता.

स्लाइडवर आणि आकृतीत नेहमी काय चुकते?

कॉक्लिया हाडात असल्याने ऊतक आधी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये घट्ट करून मग ईडीटीएमध्ये हाडातले कॅल्शियम काढावे लागते. उंदराच्या कॉक्लियाला काही दिवस, माणसाच्या टेम्पोरल हाडाला महिने. घाईने आम्ल वापरले तर प्रतिपिंडांचे रंग धड लागत नाहीत. मृत्यूनंतर उशीर झाला तर तंतूंची टोके आधी फुगतात, म्हणून फुगलेले टोक दिसले की लगेच ‘आवाजाने झालेले नुकसान’ असा निष्कर्ष काढू नका. सांधे मोजायला सीटीबीपी२ (केशपेशीतल्या रिबनचे प्रथिन) आणि ग्लुए२ (तंतूवरचा ग्लुटामेटचा ग्राही) असे दोन रंग लावा आणि शेजारी शेजारी दिसणाऱ्या ठिपक्यांच्या जोड्याच मोजा. सुटा ठिपका म्हणजे तुटलेला सांधा.

मधोमध कापलेल्या स्लाइडमध्ये रोझेन्थालची नलिका चार-पाच जागी दिसते. फिकट मोठे केंद्रक आणि ठळक केंद्रिका असलेल्या गोलसर पेशी शोधा. अंतर्कर्ण मार्गातल्या तोलाच्या गँग्लिऑनला स्पायरल गँग्लिऑन समजणे ही नेहमीची चूक आहे. ते कॉक्लियाच्या खांबाबाहेर असते.

आकृतीत चार गोष्टी तपासा: आतल्या केशपेशीला अनेक तंतू आणि बाहेरच्या अनेकींना एक तंतू, मायलिन छिद्राच्या पुढेच, मेंदूकडची शाखा जाड, आणि पेशीचे शरीर वाटेत, देठावर लटकलेले नव्हे.